कोडिंग आणि गेमिंग, दोन्हींसाठी एकच मॉनिटर : २५,००० रुपयांत काय निवडावे?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि पुण्यातील एका कंपनीचे काम घरूनच करते. दिवसाचे आठ-नऊ तास जावा आणि पायथनचा कोड वाचण्यात-लिहिण्यात जातात; रात्रीच्या जेवणानंतर तासभर, आणि शनिवार-रविवारी जरा जास्त वेळ, गेम खेळते. गेम बहुतेक एकट्याने खेळायचे, मोठ्या नकाशांचे किंवा मोटार-शर्यतींचे असतात. ऑनलाइन नेमबाजीत मला फारसा रस नाही. डेस्कटॉपमध्ये १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, कंपनीचा लॅपटॉप वेगळा. सध्याचा मॉनिटर २१.५ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलचा आणि ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा) असून त्यावर शेजारी-शेजारी कोड आणि लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदी) उघडले की दोन्हींच्या ओळी मध्येच तुटतात.

खर्चाची मर्यादा २५,००० रुपये आहे. टेबल दोन फूट खोल आहे आणि खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. ज्या दुकानात चौकशी केली तिथे २७ इंची, १९२० बाय १०८०, १६५ हर्ट्झचा मॉनिटर "दोन्ही कामांना एक नंबर" म्हणून सुचवला गेला. गेमसाठी जे चांगले ते दिवसभर अक्षरे वाचण्यासाठीही चांगले असतेच का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

अर्धविराम

ताई, दुकानात सुचवलेला मॉनिटर घेऊ नका. कारण साध्या हिशोबातच आहे.

मॉनिटरवर अक्षर किती रेखीव दिसेल हे एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर ठरते. तुमच्या सध्याच्या २१.५ इंची पडद्यावर इंचाला साधारण १०२ पिक्सेल आहेत. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की ही घनता ८२ वर येते. म्हणजे पैसे खर्च करून तुम्ही आहे त्यापेक्षा जाडेभरडे अक्षर घरी आणाल, आणि वर कोडची एकही ओळ जास्त दिसणार नाही, कारण उंचीचे पिक्सेल १०८०च राहतात. पडदा मोठा झाला याचा अर्थ जागा वाढली असा नसतो.

त्याऐवजी २७ इंची, २५६० बाय १४४० घ्या. त्याची घनता इंचाला १०९ होते, म्हणजे अक्षरांचा आकार आत्ताच्या सवयीच्या अगदी जवळ राहतो आणि स्केलिंग (विंडोजमध्ये अक्षरे-चिन्हे मोठी करण्याचे प्रमाण) १०० टक्क्यांवरच ठेवता येते. उभ्या दिशेला १०८० ऐवजी १४४० पिक्सेल मिळतात, म्हणजे त्याच आकाराच्या अक्षरांत एक तृतीयांश जास्त ओळी. आडव्या दिशेला १२८० पिक्सेल रुंदीच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी बसतात आणि तुमच्या कोड-लॉगचा प्रश्न तिथेच सुटतो. १४४ ते १८० हर्ट्झचे आयपीएस पॅनेल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) असलेले असे मॉनिटर आता तुमच्या मर्यादेत मिळतात.

वालचंदी

माझे मत वेगळे आहे. आमच्या वसतिगृहात ज्यांनी २४ इंची, १०८०, २४० हर्ट्झचा मॉनिटर घेतला ते सगळे समाधानी आहेत. व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात १४४० म्हणजे ग्राफिक्स कार्डावर विनाकारण ओझे आहे, आणि कोड तर कोणत्याही पडद्यावर लिहिता येतो. आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या मॉनिटरवरही प्रोग्रॅम चालतातच.

शून्यापासून_मोजणारा

@वालचंदी, २४ इंचांवर १०८० म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल, हे ८२ पेक्षा नक्कीच बरे आहे. पण २४० हर्ट्झचा लाभ आकड्यांत पाहावा. ६० हर्ट्झला एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. म्हणजे पहिल्या उडीत जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात आणि दुसऱ्या उडीत तीनपेक्षाही कमी. ज्याची हारजीत नेमबाजीवर ठरते त्याला ते तीनही मोलाचे वाटतील. धागाकर्त्या ताईंनी मात्र तसे खेळ आपण खेळत नाही असे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे.

ओझ्याचा मुद्दा बरोबर आहे. १०८०च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४०च्या पडद्यावर ३६.९ लाख, म्हणजे कार्डाला पावणेदोन पटींहून थोडे अधिक काम पडते. पण ३०६० कार्डावर डीएलएसएस ही कमी पिक्सेलांत रेखाटलेले चित्र मोठे करणारी सोय आहे. त्याच्या क्वालिटी पद्धतीत गेम प्रत्यक्षात १७०७ बाय ९६० वर रेखाटला जातो आणि मग १४४० पर्यंत वाढवला जातो. शर्यतीच्या आणि मोठ्या नकाशांच्या खेळांत एवढी तडजोड सहज खपून जाते.

पिवळी_हळद

१६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतल्याने कोडमधील चुका सेकंदाला १६५ वेळा दिसतील, एवढा एक धोका लक्षात घ्यावा.

मिरजकर_मुद्रक

मी मिरजेत अक्षरजुळणीचे काम करतो. कोडशी माझा संबंध नाही, पण दिवसभर पडद्यावरची अक्षरे वाचण्याशी आहे. आतापर्यंतची चर्चा रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. देवनागरीची मागणी अधिक असते, कारण आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय लागतात, आणि हे सगळे त्याच ओळीच्या उंचीत बसवावे लागते. बारा-तेरा पिक्सेलच्या अक्षरात "र्कीं" असे काही आले की रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग दिसतो. "द्ध" आणि "द्व" यांतला फरक तर ९२ पिक्सेल घनतेच्या पडद्यावर अंदाजानेच ओळखावा लागतो. आपण मराठी संकेतस्थळे, मराठी मजकुराच्या फायली किंवा मराठी टिप्पण्या हाताळत असाल तर १४४० वरही थांबू नये, असे माझे मत आहे.

२७ इंची फोर-के (३८४० बाय २१६०) पडद्यावर इंचाला १६३ पिक्सेल येतात. एका पिक्सेलची रुंदी १०८०च्या २७ इंची पडद्यावर ०.३१ मिलिमीटर, १४४० वर ०.२३ आणि फोर-के वर ०.१६ मिलिमीटरच्या आसपास असते. दोन फुटांवरून निरोगी डोळ्याला ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो, म्हणजे पिक्सेल खऱ्या अर्थाने दिसेनासे होतात ते फोर-के वरच. ज्याने असा पडदा आठवडाभर वापरला त्याला परत जुन्यावर बसवत नाही.

अर्धविराम

मुद्रकदादांचा देवनागरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही निष्कर्षाशी पूर्ण सहमत होता येत नाही.

२७ इंची फोर-के वर १०० टक्के स्केलिंगची अक्षरे फार बारीक होतात, त्यामुळे १५० टक्के ठेवावे लागते. आणि मग कामाची जागा पुन्हा २५६० बाय १४४० एवढीच उरते. म्हणजे फोर-के घेऊन अक्षर अधिक सुरेख होते, जागा वाढत नाही. दुसरे असे की २५,००० रुपयांच्या आत जे फोर-के मॉनिटर मिळतात ते बहुतेक ६० हर्ट्झचे असतात; १४४ हर्ट्झचा फोर-के हवा तर खिसा बराच सैल करावा लागतो. पिक्सेलही १४४०च्या सव्वादोन पट, सुमारे ८३ लाख. ३०६० कार्डाला नवीन मोठ्या खेळांत ते झेपणार नाही.

मिरजकर_मुद्रक

झेपत नसेल तेव्हा गेम १०८० वर चालवावा. फोर-के हे आडवे आणि उभे दोन्ही बाजूंनी १०८०च्या बरोबर दुप्पट असल्यामुळे गेमचा एक पिक्सेल पडद्यावरच्या चार पिक्सेलांत नेमका बसवता येतो; फक्त कार्डाच्या सेटिंगमध्ये इंटिजर स्केलिंग चालू करावे लागते. १४४०च्या पडद्यावर १०८० चालवले तर हे गुणोत्तर १.३३ येते आणि चित्र धूसर होते. तेव्हा दिवसा सुरेख अक्षर आणि रात्री १०८० वर गेम, ही विभागणी अगदीच टाकाऊ नाही. ६० हर्ट्झ हा तोटा आहे, हे मी नाकारत नाही.

शून्यापासून_मोजणारा

दोघांचेही बरोबर आहे, आणि निवड ज्याची त्याने करायची आहे : जो दिवसभर देवनागरी वाचतो आणि गेम क्वचित खेळतो त्याला ६० हर्ट्झचा फोर-के, आणि जो दिवसभर रोमन अक्षरांतला कोड वाचून रोज रात्री शर्यत खेळतो त्याला वेगवान १४४०. एक भर घालतो. जास्त हर्ट्झचा उपयोग फक्त गेममध्ये होतो असे नाही. लांबलचक फाइल खालीवर सरकवताना ६० हर्ट्झवर ओळी पुसट होतात, तर १४४ वर त्या सरकत असतानाही वाचता येतात. एका फाइलमध्ये दोन हजार ओळी लिहून ठेवणाऱ्या सहकाऱ्यांसोबत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रात्रपाळी

पॅनेलच्या प्रकाराबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. काम रात्रीचे, खोलीत अंधार, एडिटरची पार्श्वभूमी काळी, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसावा या हेतूने मी व्हीए पॅनेलचा (एलसीडीचाच दुसरा प्रकार) वक्र मॉनिटर घेतला. काळा रंग सुरेख आहे, यात वाद नाही. आयपीएसचे कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ असते, व्हीएचे ३००० ला १ किंवा त्याहून अधिक. पण बऱ्याच व्हीए पॅनेलांत गडद रंगातून दुसऱ्या रंगात जाताना पिक्सेल सुस्त असतात. काळ्या पार्श्वभूमीवरचा कोड सरकवला की प्रत्येक ओळीमागे जांभळट शेपूट येते, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखी. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही. कोड वाचताना मात्र सारखे जाणवते. ज्यांना एडिटर काळा लागतो त्यांनी व्हीए मॉनिटर आधी प्रत्यक्ष फाइल सरकवून पाहावा आणि मगच घ्यावा.

खोक्यावरील "१ मिलिसेकंद" या आकड्यावरही विसंबू नये. तो बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलवणारे सेटिंग) सर्वांत वर ठेवून मोजलेला असतो, आणि तसे ठेवले की हलणाऱ्या वस्तूंमागे उजळ कडा उमटू लागतात. मधली पायरी निवडली की बहुतेक मॉनिटर नीट वागतात.

कृष्णाकाठची

इतक्या तपशिलाने उत्तरे दिल्याबद्दल सर्वांचे आभार. माझा एडिटर काळाच असतो, त्यामुळे व्हीए बाजूला ठेवते. मराठी मजकूर कामात फारसा येत नाही, वाचन मात्र रोज होते. आता आणखी तीन शंका : ओलेडबद्दल (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) सगळीकडे इतके चांगले बोलले जाते, तर त्यासाठी थांबावे का? पश्चिमेच्या खिडकीचे काय करावे? आणि लॅपटॉप व डेस्कटॉप दोन्ही एकाच मॉनिटरला जोडता येतील का?

निवृत्त_अभियंता

खिडकीबद्दल मी सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन थेट आत येते आणि त्यापुढे कोणत्याही मॉनिटरची उजळता तोकडी पडते. म्हणून खिडकी ना पाठीशी असावी ना समोर. टेबल असे वळवावे की ती बाजूला येईल. पडदा जाड कापडाचा लावावा. मॉनिटरचा पृष्ठभाग मॅट असावा आणि उजळता ३०० निट्सच्या (उजळतेचे एकक) पुढे असावी, एवढे पुरते. "एचडीआर ४००" या (उजळ-गडद फरक अधिक दाखवण्याच्या) शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्या पातळीला पडद्याचे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सक्ती नसते, त्यामुळे काळा रंग आहे तसाच राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टँड. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली घेऊन पडदा थोडा मागे कलवावा लागतो, नाहीतर हनुवटी वर करून वाचावे लागते आणि संध्याकाळी मान धरते. वरखाली होणारा स्टँड मर्यादेत बसत नसेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटर अंतराची व्हेसा भोके आहेत एवढे पाहून घ्यावे, म्हणजे पुढे आर्म (मॉनिटर हव्या त्या उंचीवर धरणारा हात) लावता येतो.

पिवळी_हळद

काका, माझ्या मॉनिटरखाली सध्या दोन जुने पाठ्यग्रंथ आहेत. उंची अगदी अचूक आली आहे. पदवीच्या काळात त्यांचा इतका उपयोग झाला नव्हता.

तारजोडणी

दोन संगणकांच्या शंकेला उत्तर. बहुतेक मॉनिटरना एक-दोन एचडीएमआय आणि एक-दोन डिस्प्लेपोर्ट असतात. डेस्कटॉप डिस्प्लेपोर्टला जोडा, लॅपटॉप एचडीएमआयला, आणि मॉनिटरच्या बटणाने अदलाबदल करा. उलटे करू नका, कारण अनेक मॉनिटरांचा एचडीएमआय १४४० वर १४४ हर्ट्झपर्यंतच जातो आणि खोक्यावर छापलेले १६५ किंवा १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात. लॅपटॉप जुना असून त्याला एचडीएमआय १.४ असेल तर १४४० वर ६० ते ७५ हर्ट्झ एवढेच मिळेल; कामाला तेवढे पुरते. एकाच तारेने चित्र आणि चार्जिंग देणारा यूएसबी-सी मॉनिटर सोयीचा खरा, पण २५,००० च्या आत तो आणि वेगवान पॅनेल एकत्र मिळणे कठीण आहे. कीबोर्ड-माउस दोन्ही संगणकांत वाटून घ्यायचे असतील तर एक छोटा यूएसबी स्विच वेगळा घ्यावा.

आणि जोडल्यावर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि त्याखाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) स्वतः निवडा. नवा मॉनिटर पुष्कळदा ६० हर्ट्झवरच सुरू होतो आणि वर्षभर तसाच वापरणारे लोक मी पाहिले आहेत. ॲडाप्टिव्ह सिंकही (कार्डाच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारी सोय) तिथून आणि एनव्हिडियाच्या नियंत्रण-खिडकीतून सुरू करावे. मॉनिटरवर "फ्रीसिंक" (याच सोयीचे एएमडीने दिलेले नाव) लिहिले आहे म्हणून तो एनव्हिडियाच्या कार्डावर चालणार नाही असे नाही. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाने असे मॉनिटर स्वीकारले आहेत.

रात्रपाळी

ओलेडसाठी थांबू नका. किंमत हा एक भाग झालाच. पण टास्कबार, एडिटरची कडेची यादी, टर्मिनलची चौकट या गोष्टी रोज आठ तास एकाच जागी स्थिर असतात आणि ओलेडवर त्यांची कायमची छाया उमटण्याचा धोका असतो. शिवाय विंडोजचे अक्षरे रेखीव करणारे क्लिअरटाइप हे लाल-हिरवा-निळा अशा सरळ उभ्या पट्ट्या गृहीत धरते. बहुतेक ओलेड मॉनिटरांत ही मांडणी वेगळी असल्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. गेमसाठी ओलेडला तोड नाही, कोडसाठी अजून आहे.

दक्षिणवारा

३४ इंची अल्ट्रावाइडचा (जास्त रुंद मॉनिटरचा) विचार कोणी केला नाही का? ३४४० बाय १४४० वर तीन खिडक्या बसतात आणि शर्यतीच्या खेळात बाजूचा रस्ताही दिसतो. पूर्वी ३२ इंचांवरील मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाल्यामुळे आता आकारामुळे कराचा भुर्दंड पडत नाही.

शून्यापासून_मोजणारा

त्याची उंची २७ इंची मॉनिटरएवढीच, साधारण ३३ सेंटिमीटर असते आणि रुंदी ८० सेंटिमीटर. दोन फूट खोल टेबलावर स्टँडचा पाय जमेस धरला तर डोळे पडद्यापासून जेमतेम ५०-५५ सेंटिमीटरवर येतील आणि कडेचे वाचायला मान वळवावी लागेल. शिवाय या आकारात स्वस्तातले बरेच मॉनिटर व्हीएचेच असतात, म्हणजे रात्रपाळी यांनी सांगितलेली शेपूट पुन्हा आली.

मिरजकर_मुद्रक

खरेदी कुठून करावी याबद्दल एक सूचना. ऑनलाइन किंमत थोडी कमी दिसते, पण हमी "घरपोच" आहे की सेवा केंद्रात नेऊन द्यावे लागेल, आणि ४१६४१५ या पिनकोडला ती लागू आहे का, हे आधी विचारून घ्यावे. आमच्या एका परिचितांना बिघडलेला मॉनिटर मोटारीत घालून पुण्याला न्यावा लागला. वाचलेली रक्कम तिथेच गेली. स्थानिक दुकानदाराने तीच किंमत दिली, किंवा हजार-पाचशे अधिक घेऊन बदलून देण्याचे लेखी कबूल केले, तर मी दुकानातूनच घेईन.

निवृत्त_अभियंता

आणि खोके उघडताना सलग चित्रण करावे. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर आणून ठिपके तपासावे. एखादा मृत पिक्सेल कंपन्या दोष मानत नाहीत, पण बदलून देण्याची मुदत सुरू असेपर्यंत दुकानदार ऐकतो. अंधारात काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांत थोडी चमक दिसेल. ती आयपीएसची जात आहे, त्यावरून भांडू नये.

पिवळी_हळद

मॅट पडद्याला भडंगाचे तेलकट बोट लावू नये, आणि लागलेच तर काच पुसण्याचा अमोनियायुक्त द्रव वापरू नये, लेप खराब होतो. किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरते. या वेळी मी विनोद करत नाही.

कृष्णाकाठची

निर्णय सांगते. २७ इंची, १४४०, आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्झ, वरखाली होणारा स्टँड, मॅट पृष्ठभाग. यांपैकी स्टँड बसला नाही तर व्हेसा भोके असलेला. त्याच दुकानदाराला आज हे सगळे लिहून पाठवले, तर त्यांनी असा मॉनिटर चार दिवसांत मागवून देतो आणि ठिपका निघाल्यास सात दिवसांत बदलून देतो, असे बिलावर लिहून द्यायचे मान्य केले. मुद्रकदादा, फोर-केचा मोह पूर्ण सुटलेला नाही, पण रोज रात्री ६० हर्ट्झवर शर्यत खेळायची तयारी नाही.

वालचंदी

ही सगळी चर्चा वाचून माझाही विचार बदलत आहे. माझ्या खोलीतले टेबल लहान आहे, २७ इंची बसणार नाही. १४४० मध्ये २४ इंची मिळतो का?

अर्धविराम

मिळतो, पण निवड फारच थोडी आहे. २३.८ इंचांवर १४४० म्हणजे इंचाला १२३ पिक्सेल. अक्षरे रेखीव पण बारीक दिसतील. १२५ टक्के स्केलिंग करावेसे वाटले तर कामाची जागा २०४८ बाय ११५२ एवढी उरते, म्हणजे १०८० पेक्षा जेमतेम अधिक. १०० टक्क्यांवर वाचता येते का ते एखाद्या मित्राच्या १४ इंची लॅपटॉपवर पाहा : त्यावर १९२० बाय १०८० आणि १२५ टक्के स्केलिंग असेल तर अक्षरांचा आकार जवळजवळ असाच असतो. मात्र मॉनिटर लॅपटॉपपेक्षा लांब असतो, म्हणून नेहमीपेक्षा हातभर मागे बसून वाचून बघ.